चतुर व टाचणी : अधिवासातील ओळख

चतुर व टाचणी : कीटक वर्गाच्या ओडोनेटा गणातील दोन परिचित समूह. लांब व सडपातळ उदर, मोठे संयुक्त नेत्र आणि जाळीदार शिरांचे चार पंख ही या कीटकांची सामान्य लक्षणे होत. भारतात या गणाच्या सुमारे ५०० जाती ज्ञात असून महाराष्ट्रातील १३४ जातींची सूची २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या ओळखीचा अभ्यास संग्रहालयातील मृत नमुन्यांपासून सुरू झाला आणि हळूहळू पाणथळ जागी वावरणाऱ्या जिवंत कीटकांपर्यंत पोहोचला. जळगाव शहरालगतच्या मेहरूण तलावासारखे मैदानी जलाशय या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात.

प्रारंभीचे वर्गीकरण : स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये हे सर्व कीटक लिबेल्युला या एकाच वंशात घातले होते. त्यांचे शिष्य योहान क्रिस्टिआन फाब्रिसिउस यांनी १७९३ मध्ये जबड्यांच्या दंतुर रचनेवरून ओडोनेटा हे नाव दिले. फाब्रिसिउस भारतात आले नव्हते. यूरोपात पोहोचलेल्या नमुन्यांवरून ते वर्णने करीत. पावसाळ्यात थव्यांनी दिसणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लाव्हेसेन्स, त्यांनी असाच १७९८ मध्ये भारतातील म्हणून नोंदविला. अशा वर्णनांत रंग, ठेवण आणि देशाचे नाव यांपलीकडे फारसे काही नसे. शिवाय मृत्यूनंतर या कीटकांचे रंग, विशेषतः डोळ्यांतील निळ्या व हिरव्या छटा, लवकर नाहीशा होतात. त्यामुळे अभ्यासकांना न बदलणाऱ्या लक्षणांवर विसंबावे लागले. बेल्जियमचे एदमाँ द सेली-लाँशां (१८१३–१९००) यांनी १८५४ मध्ये पंखांच्या रचनेस प्राधान्य देऊन समान पंखांच्या टाचण्या आणि असमान पंखांचे चतुर असे दोन उपगण केले.

भारतातील संशोधन : भारतीय चतुरांचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर (१८८०–१९६३) यांच्या नावाशी निगडित आहे. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शल्यचिकित्सक होते. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ पासून त्यांची भारतीय चतुरांवरील लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ व १९३६ मध्ये निघाले. पंखांतील शिरा व नराच्या उदराच्या टोकावरील उपांगे यांच्या जोडीला कीटक कोठे बसतो व कोणत्या पाण्याजवळ आढळतो, याच्याही नोंदी त्यांनी केल्या. तथापि त्यांचे लक्ष कूर्ग, निलगिरी अशा पर्वतीय प्रदेशांकडे विशेष होते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने व पुढे विद्यापीठांतील अभ्यासकांनी हे काम चालू ठेवले.

ओळखीची लक्षणे : विसावताना चतुर पंख आडवे पसरतो; बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. टाचणीचे डोळे एकमेकांपासून दूर असतात, तर बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांस भिडतात. गॉम्फिडी कुल मात्र याला अपवाद आहे. त्यातील कीटक चतुर असूनही त्यांचे डोळे विलग असतात. केवळ रंगावरून जाती ठरविणे धोक्याचे असते. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा प्रौढ नर रक्तवर्ण असतो, परंतु मादी व नुकताच कात टाकून निघालेला नर पिवळसर दिसतात. इश्न्युरा सेनेगॅलेन्सिस या टाचणीच्या माद्या एकापेक्षा अधिक रंगरूपांत आढळतात.

अशा वेळी अधिवास साहाय्यक ठरतो. वाहत्या, दगडगोट्यांच्या डोंगरी ओढ्यांवर धातूसारख्या हिरव्या पंखांची न्यूरोबेसिस चायनेन्सिस दिसते. स्थिर पाण्यावर ती सहसा अपेक्षित नसते. राज्यात सामान्य असलेल्या पुढील जातींची निवड तलावकाठीही भिन्न असते. इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स हा मोठा काळा-पिवळा चतुर पाण्यालगतच्या उघड्या काडीवर बसून पुन्हा पुन्हा त्याच जागी परततो. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा खडकाशी वा भिंतीशी एकरूप होऊन बसतो आणि खडकांतील डबक्यांत व टाक्यांत अंडी घालतो. पिवळ्या उदराची सेरिॲग्रिऑन कोरोमंडेलियानम काठच्या गवतात आढळते. नारिंगी ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा सांडपाणी मिसळलेल्या जलाशयांवरही विपुल असतो.

मैदानी जलाशयांचे महत्त्व : खानदेशात उन्हाळ्याचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते व लहान ओढे कोरडे पडतात. ज्यांचे डिंभ पाण्यात दीर्घकाळ वाढतात, अशा जातींना त्या काळात टिकून राहणाऱ्या तलावांचाच आधार असतो. याउलट पँटाला फ्लाव्हेसेन्सचे डिंभ पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत सुमारे दीड ते दोन महिन्यांत वाढ पूर्ण करतात. ही जाती भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावी, असे प्रतिपादन चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये केले.

बोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेहरूणचा तलाव वाढत्या शहराच्या कडेला आहे. अशा ठिकाणी गवताळ काठ, दगडी बांध व उघडे पाणी हे एकेक नाहीसे झाले, तर त्यांच्याशी निगडित जाती प्रथम जातात आणि मलिन पाणी सोसणाऱ्या थोड्या जाती उरतात. पाण्यावर कीटकांची संख्या पुष्कळ दिसत राहते. त्यामुळे जातींची घट सहज लक्षात येत नाही. म्हणून संख्येपेक्षा जातीची अचूक ओळख येथे अधिक मोलाची असते. अंडी घालणाऱ्या माद्या आणि काठच्या गवतावर राहिलेल्या डिंभांच्या काती यांवरून एखादी जाती तेथे वाढते की केवळ फिरत आली आहे, हे ठरविता येते.

छायाचित्रणामुळे पकडल्यावाचून नोंद करणे सुलभ झाले आहे. तथापि काही वंशांत नराची उपांगे भिंगाखाली पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. २०२२ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चौकुळ येथून वर्णिलेली बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस ही जाती, महाराष्ट्रातील ओळखीचे काम संपलेले नाही, हे दर्शविते. दिनांक, ऋतू, पाण्याचा प्रकार व बसण्याची जागा यांसह केलेली साधी नोंद अशा कामाचा पाया ठरते. पाणथळ जागा बदलल्यानंतर तेथील पूर्वस्थिती जाणण्याचे तेच मुख्य साधन असते.