घाटात लोड ओढणारी टर्बो पिकअप : चालते कशी, टिकवायची कशी?

वेल्ह्याहून केळदच्या रस्त्याला लागलं की पासली येते. पुढे मढे घाट आणि त्याखाली कोकण. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण रस्ते तेच आहेत : चढ, वळणं आणि पावसाळ्यात चिखल. अशा भागातून भाताची पोती, पेंढा, खताच्या गोण्या, सिमेंट असा माल हलवायचा तर पिकअपला पर्याय नाही. ही गाडी बऱ्याचदा कर्जावर घेतलेली असते. म्हणजे गाडी गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही.

आजच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये टर्बो असतो. तो नेमकं काय करतो आणि त्याला काय मानवत नाही, हे एकदा समजून घेतलं तर मोठा खर्च टळतो.

टर्बो म्हणजे काय?

डिझेल जळायला हवा लागते. इंजिनात जितकी जास्त हवा, तितकं जास्त डिझेल नीट जळतं आणि तितकी जास्त ताकद मिळते. साध्या इंजिनात पिस्टन ओढेल तेवढीच हवा आत येते. टर्बोवाल्या इंजिनात सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक छोटी पंखी फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेली पंखी बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणारा धूरच कामाला लावला जातो.

फरक किती पडतो? टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला तेव्हा त्यात ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन होतं. ताकद १६ हॉर्सपॉवर. पुढे २०१९ मध्ये टाटाची इंट्रा मालिका आली. तिच्यातल्या व्ही३० ला १,४९६ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन आहे, ताकद ७० हॉर्सपॉवर. एका लिटरमागे हिशोब केला तर ताकद दुप्पट. यात डिझेल फवारण्याच्या नव्या तंत्राचाही वाटा आहे, पण मोठं काम टर्बोचं. गावोगाव दिसणारी महिंद्रा बोलेरो पिकअप आणि अशोक लेलँड दोस्त यांच्या डिझेल गाड्याही टर्बोच्याच.

टर्बो खराब का होतो?

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात त्याला सांभाळतो तो ऑइलचा पातळ थर. त्यामुळे टर्बोचं आयुष्य ऑइलवर ठरतं.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा आणि ठरलेल्या किलोमीटरला बदला. 'अजून काळं झालं नाही' हा निकष नाही. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं पडतंच.

सकाळी गाडी चालू केली की लगेच रेस करू नका. ऑइल टर्बोपर्यंत पोचायला थोडा वेळ द्या. लोड घेऊन घाट चढून आलात तर चावी लगेच फिरवू नका. इंजिन एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा. तापलेला टर्बो अचानक बंद केला तर आतलं ऑइल करपतं, त्याचा थर जमतो आणि पुढच्या वेळी ऑइलची वाट अडते.

एअर फिल्टरवरही लक्ष ठेवा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची धूळ, सुगीत पेंढ्याचा भुसा. फाटक्या फिल्टरमधून बारीक खडा जरी आत गेला तरी पंखीची पाती झिजतात.

बिघाड ओळखायच्या काही खुणा आहेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आणि चढाला दम कमी म्हणजे हवा कमी पडतेय. अशा वेळी आधी हवेचे पाइप आणि क्लॅम्प तपासून घ्या. कित्येकदा टर्बो ठीक असतो, फक्त पाइप फाटलेला असतो.

बीएस-६ गाडीचं वेगळं काय?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. गाडी रोज फक्त पासली ते वेल्हे एवढीच फिरत असेल तर तो पुरेसा तापत नाही आणि फिल्टर तुंबतो. अधूनमधून नसरापूरवरून हायवेला लागून पुण्यापर्यंत एकसारख्या वेगाची फेरी झाली तर काजळी जळायला मदत होते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर तो 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

काजळी जळताना सायलेन्सर प्रचंड तापतो. त्या वेळी गाडी वाळक्या गवतावर किंवा पेंढ्यावर उभी करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

काही गाड्यांना डीईएफची वेगळी टाकी असते. डीईएफ म्हणजे शुद्ध युरिया आणि पाणी, पण शेतातला युरिया घरी विरघळवून त्यात ओतू नका. खताच्या युरियावर निंबोळी तेलाचं लेपन असतं आणि त्याची शुद्धताही वेगळी. त्याने यंत्रणा खराब होते आणि तो खर्च कितीतरी मोठा असतो.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड

टर्बोमुळे गाडी चढ आरामात चढते आणि तिथेच फसगत होते. वर घेऊन आलेला लोड खाली उतरवायचं काम टर्बो करत नाही. ते ब्रेक आणि गिअर करतात. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात तेच करा : ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणं हा जिवाशी खेळ आहे.

लोडचंही तसंच. इंट्रा व्ही३० ची क्षमता १,३०० किलो आहे, म्हणजे ५० किलोची २६ पोती. इंजिन ३५ पोतीही ओढेल. पण ब्रेक, पाटे आणि टायर २६ च्या हिशोबाने बनवलेले आहेत. शिवाय ओव्हरलोड पकडला तर मोटार वाहन कायद्यानुसार २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. पेंढा हलका असला तरी उंच रचला की वळणावर गाडी कलंडू शकते.

मागे माणसं बसवली तर?

लग्न, जत्रा, मजुरी, देवदर्शन. एसटी नसली की पिकअपच्या हौद्यात माणसं बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात कोसळली आणि अनेक जणींचा जीव गेला. हौद्यात ना सीट, ना बेल्ट, ना धरायला काही.

विम्याची बाजूही माहीत हवी. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो. फुकट किंवा भाड्याने बसवलेले प्रवासी त्यात येत नाहीत. असा अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या डोक्यावर येऊ शकतो.

कागदपत्रं कोणती?

नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करून घ्यावं लागतं. एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. लायसन्सबाबत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते.

रोज निघण्याआधी

- ऑइल आणि कूलंटची पातळी
- टायरची हवा, स्टेपनीसह
- ब्रेकचा पहिला दाब : पेडल खोल जातंय का?
- गाडीखाली ऑइल किंवा डिझेलचा डाग
- पावसाळ्यात वायपर आणि लाइट

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. पावसात ओढ्याला पाणी आलं असेल तर ते ओसरेपर्यंत थांबा. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं तर अख्खं इंजिन उघडावं लागू शकतं आणि तेवढे दिवस धंदा बंद राहतो.