'उपजणे'मध्ये 'उप' नाही, 'बसणे'मध्ये आहे

आज स्वतःच्या एका चुकीपासून सुरुवात करते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मराठी क्रियापदांची यादी घ्यायची, सुरुवातीला प्र, वि, नि, उप असं काही दिसलं की ते तोडायचं आणि 'उपसर्ग' या कॉलममध्ये टाकायचं. एम.एस्सी.ची सवय, सगळं मोजून टाकायचं! 'उपजणे' आणि 'उपटणे' यांच्यासमोर अर्थातच 'उप' आलं. 'बसणे'समोर काहीच नाही. मार्गदर्शकांनी प्रिंटआउट पाहिला आणि पेन्सिलने नेमके हेच तीन शब्द गोल केले. तिन्ही उत्तरं चूक होती.

का ते बघा. 'उपजणे' आलंय संस्कृत 'उत्पद्यते'वरून. म्हणजे उपसर्ग 'उत्', धातू 'पद्'. प्राकृतात 'त्प'चा 'प्प' झाला, 'उप्पज्जइ' असं रूप झालं आणि मराठीत जोडाक्षरं सुटली. त्यातला 'प' धातूचा आहे, उपसर्गाचा नाही. 'उपटणे'चंही तसंच, उत् + पट्. आणि 'निपजणे' म्हणजे 'निष्पद्यते', तोच 'पद्' धातू, फक्त उपसर्ग 'निस्'. उपजणे आणि निपजणे ही सख्खी भावंडं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

उलट 'बसणे' हे 'उपविशति'. प्राकृतात 'उवविसइ', मग 'उवइसइ', मग सुरुवातीचा 'उ' गळाला आणि जुन्या मराठीतलं 'बैसणे' आलं. म्हणजे 'बसणे'तला 'ब' हा 'उप'मधल्या 'प'चा अवशेष आहे! 'विश्'मधला 'व' मधल्यामध्ये गेला, 'श्'चा 'स' तेवढा राहिला. जिथे 'उप' दिसतो तिथे तो नाही आणि जिथे आहे तिथे दिसत नाही. स्ट्रिंग मॅचिंगने हे कसं सापडणार?

'आणणे' आणि 'नेणे' घ्या. आज हे दोन वेगळे शब्द वाटतात, पण 'नेणे' म्हणजे 'नी' आणि 'आणणे' म्हणजे 'आ + नी'. 'विकणे'मध्ये 'क्री', म्हणजे विकत घेणे हा धातू आहे, समोरच्या 'वि'ने व्यवहाराची दिशा फिरवली. 'विसरणे' म्हणजे वि + स्मृ. 'उठणे' म्हणजे उत् + स्था. 'ओळखणे'ला जरा थांबावं लागतं. प्राकृतात अव, अप आणि उप या तिन्हींचा 'ओ' होऊ शकतो, बाराव्या शतकात हेमचंद्राने व्याकरणात तशी नोंदच केली आहे. त्यामुळे नुसत्या आवाजावरून ठरत नाही. 'उपलक्ष्'चा अर्थ जुळतो म्हणून टर्नरचा कोश तिकडे जातो. असे निर्णय अर्थ आणि ध्वनी दोन्ही तपासूनच घ्यावे लागतात.

आता मूळ प्रश्न: हे उपसर्ग आले कुठून? ऋग्वेदात ते धातूपासून सुटे सापडतात, मध्ये इतर शब्द येतात, कधी ते क्रियापदाच्या नंतरही येतात. वेदाच्या भाषेत असं चालतं हे पाणिनीने मुद्दाम सूत्रांत सांगून ठेवलं आहे. म्हणजे ते आधी स्वतंत्र शब्द होते, नंतर चिकटले. चिकटल्याची शिवण पुढच्या संस्कृतातही दिसते. 'उदतिष्ठत्' पाहा: भूतकाळाचा 'अ' उपसर्गाच्या आधी नाही, उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये येतो. यास्काच्या निरुक्तात तर वाद नोंदवलाय. शाकटायन म्हणतो सुट्या उपसर्गाला अर्थ नाही, गार्ग्य म्हणतो आहे. मला गार्ग्याची बाजू पटते, पण मराठीपुरता शाकटायन जिंकला म्हणायचं. 'आणणे'तला 'आ' आज कुणाला अर्थपूर्ण वाटतो?

असंच काहीसं जगाच्या दुसऱ्या टोकाला दिसतं. अलास्का, वायव्य कॅनडा आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येत अथाबास्कन भाषा आहेत, नवाहो ही त्यातली मोठी. तिथे धातू शेवटी आणि आधी उपसर्गांची रांग. बाहेरच्या बाजूला दिशा किंवा रीत सांगणारे, आत कर्ता. 'याश्ती' म्हणजे 'मी बोलतो': 'या' बाहेरचा, 'श्' म्हणजे मी, 'ती' धातू. कर्त्याची खूण मध्ये घुसली आहे, 'उदतिष्ठत्'मधल्या 'अ'सारखी. बाहेरचे काही उपसर्ग तिथल्या शब्दयोगी अव्ययांशी जुळतात, म्हणून ते मागाहून चिकटले असावेत असं मानतात. पण जुनं लिखाण नसल्याने तिथल्या अभ्यासकांना हे बहिणी-बहिणी भाषा ताडूनच मांडावं लागतं.

आपल्याकडे मधले टप्पे लिहिलेले आहेत आणि पुण्यात ते हाताशी आहेत. ज्यूल ब्लॉकचा मराठीवरचा ग्रंथ १९२० सालचा, टर्नरचा कोश १९६० च्या दशकातला. डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश प्रकल्प १९४८ साली सुरू झाला. लाखो चिठ्ठ्या हाताने लिहून अवतरणं जमवली, पहिला खंड यायला १९७६ उजाडलं. तुम्ही असं काम घेणार असाल तर प्रोग्राम जरूर लिहा, पण संस्कृत, प्राकृत आणि जुनी मराठी असे तीन कॉलम आधी करा. माझ्या फाइलमध्ये ते आता आहेत. त्यातला प्राकृतचा भरायला सर्वात जास्त वेळ लागतोय.