आत्मशोधाचा पुरावा

कादंबरीकाराला पात्राच्या मनात थेट शिरता येते. ‘तिला त्या क्षणी कळून चुकले’ एवढे लिहिले तरी भागते. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला दिसतो चेहरा, हात, खोली, रस्ता. म्हणून माणूस स्वतःला ओळखू लागतो, बदलतो, वाढतो अशी गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटापुढे पहिली अडचण उभी राहते ती हीच: आत घडलेला बदल बाहेरून पटवायचा कसा? या प्रकारच्या चित्रपटांची प्रतवारी कथेच्या थोरपणावरून न लावता या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावरून लावावी, असे मला वाटते.

उत्तरे साधारण तीन प्रकारची दिसतात. पात्र स्वतःच बोलून दाखवते. पात्राला यश मिळते. किंवा जुनाच प्रसंग पुन्हा समोर येतो आणि पात्र या खेपेला वेगळे वागते. भाषण हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण शब्द पाठही करता येतात. यश त्याहून थोडे बरे. पण स्पर्धा जिंकणारा माणूस आतून बदललेला असेलच असे नाही. ‘प्रेरणादायी’ म्हणून गाजणाऱ्या बहुतेक चित्रपटांचे घोडे इथेच पेंड खाते. तिसरा पुरावा मात्र कबूल करावाच लागतो. प्रसंग तोच असताना वेगळे काही घडले, तर ते त्या माणसातूनच आलेले असते.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२) हा फरक सहज तपासता येतो. श्रीदेवींनी साकारलेली शशी गोडबोले ही लाडू करून विकणारी पुण्याची गृहिणी. इंग्रजी येत नाही म्हणून घरातलीच माणसे तिला हिणवतात. भाचीच्या लग्नात ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलते, तो प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. माझ्या मते खरा पुरावा त्यानंतर येतो. न्यूयॉर्कला जाताना विमानात ती बावरलेली असते, शेजारचा प्रवासी तिला सांभाळून घेतो. परतीच्या विमानात ती हवाई सेविकेला स्वच्छ इंग्रजीत विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का? भाषा आली आणि तिची भीती गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट त्या एका प्रश्नात दिसते.

या पद्धतीचा सर्वांत कडक वापर अकिरा कुरोसावा यांनी ‘इकिरु’त (१९५२) करून ठेवला आहे. काँजी वातानाबे हा नगरपालिकेतला खातेप्रमुख. ताकाशी शिमुरा यांनी तो उभा केला तो खांदे पाडून, आवाज घशातच ठेवून. कागदावर शिक्का मारायचा, कागद पुढे सरकवायचा, यात त्याची तीसेक वर्षे गेली. सुरुवातीलाच वस्तीतल्या बायका येतात. सांडपाण्याचे डबके बुजवून मुलांना खेळायला जागा करून द्या, ही त्यांची मागणी. त्यांना या खात्यातून त्या खात्यात, तिथून तिसऱ्याकडे असे पिटाळले जाते. कुरोसावा टेबलांमागून टेबले दाखवत जातात आणि बायका फिरून पुन्हा पहिल्याच खिडकीशी येऊन उभ्या राहतात.

पुढे वातानाबेला पोटाचा कर्करोग असल्याचे कळते. तो रात्रभर चैन करून पाहतो, एका तरुण मुलीच्या उत्साहाला चिकटू पाहतो, आणि उपाहारगृहात तिच्यासमोर बसलेला असताना त्याला एकदम उमगते की आपण अजून काहीतरी करू शकतो. तो घाईने जिना उतरतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोळक्यातली मुले वर येणाऱ्या मैत्रिणीसाठी वाढदिवसाचे गाणे म्हणत असतात. नंतर तो कचेरीत परततो. इथे कुणीही दिग्दर्शक बाग बांधण्याची धडपड दाखवायला लागला असता. कुरोसावा निवेदकाकरवी सरळ सांगतात की काही महिन्यांनी तो वारला.

उरलेला चित्रपट जवळपास सगळा त्याच्या अंत्यविधीच्या बैठकीत घडतो. उपमहापौर बागेचे श्रेय स्वतःकडे ओढतो. वस्तीतल्या बायका येतात आणि तसबिरीसमोर हमसून रडतात. उपमहापौर ओशाळतो आणि निघून जातो. मग दारू चढत गेली तसे सहकारी एकेक आठवण काढतात. वातानाबे खात्याखात्यांत जाऊन बसत असे, कनिष्ठ कारकुनांसमोर मान लववत असे, गुंडांच्या धमकीलाही बधला नाही. म्हणजे ज्या टेबलांवरून बायकांना पिटाळले, त्याच टेबलांवर तो पाय रोवून उभा राहिला. बदल सांगणारा तो स्वतः नाही. त्याला न ओळखलेली माणसे साक्षीदार आहेत, आणि त्यांच्या साक्षी एकमेकींशी पुरत्या जुळतही नाहीत. आत्मशोध ही इतकी खाजगी गोष्ट की तिचा फक्त माग काढता येतो, हे ‘इकिरु’ रचनेतूनच सिद्ध करतो. त्याच्यासारखे काम करण्याच्या शपथा बैठकीत घेतलेले तेच सहकारी दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद सरकवू लागतात. एकाची वाढ दुसऱ्याला आपोआप लागत नाही, हेही इथे निर्दयपणे नोंदवले आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) याच्या उलट टोकाला जातो. शरद नेरुळकर हा ख्यालगायनाच्या साधनेत बुडालेला तरुण. आदित्य मोडक यांच्या चेहऱ्यावर सुरुवातीला एक ताठ श्रद्धा आहे. रात्री मोकळ्या मुंबईतून तो मोटारसायकलवर संथगतीने जातो, कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंच्या भाषणांची ध्वनिफीत. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. पुढे जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक माई आणि गुरुजींबद्दल अप्रिय गोष्टी सांगतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. राग सत्य ऐकण्याचा की खोटे ऐकण्याचा, चित्रपट सांगत नाही. वर्षे सरतात, मैफलींवर मैफली होतात, आणि एका मैफलीत गाता गाता तो थांबतो, उठतो, निघून जातो. कारणाचे एकही वाक्य नाही. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, तो मला विशेष योग्य वाटतो. पटकथेचे कसब इथे काय गाळले यात आहे. आपली कुवत कुठे संपते हे ओळखणे हाही आत्मशोधच, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

आता किमतीचा मुद्दा. पुरावा असला तरी प्रश्न उरतो की त्या शोधाचा खर्च कोणी सोसला. वातानाबे विधुर, मुलगा दुरावलेला; त्याच्या शोधाचा भार पडावा असे कोणी उरलेलेच नाही. शरदच्या साधनेआड आईचा फोनही त्याला अडथळा वाटतो; पण त्याला कोणी जाब विचारत नाही. हा हिशेब केंद्रस्थानी आणला तो जब्बार पटेल यांनी, ‘उंबरठा’त (१९८२). शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन समाजकार्य शिकलेली. वकील नवरा सुभाष, सुस्थितीतले घर, लहान मुलगी राणी, हे सोडून ती महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथला कारभार तिला पुरता भंडावतो आणि ती परतते, तेव्हा मुलगी दुरावलेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई.

ती पुन्हा घर सोडते. म्हणजे इथेही प्रसंग दोनदा येतो: उंबरठा दोनदा ओलांडला जातो. पहिल्यांदा हातात नोकरी होती, परतण्याची सोय होती, घरच्यांची नाराज का होईना संमती होती. दुसऱ्यांदा यातले काहीच नाही. पहिले जाणे कामासाठी होते, दुसरे स्वतःसाठी. म्हणूनच आत्मशोधाचा पुरावा म्हणून दुसरेच ग्राह्य धरावे लागते. पटेल आणि तेंडुलकर यांचा प्रामाणिकपणा असा, की तिला बरोबर ठरवण्यासाठी त्यांनी प्रेक्षकाला राणीचा विसर पडू दिला नाही. सुभाषला एकाकीपणाची सबब पुरते, त्याचे घर तसेच चालू राहते. तिला मात्र आपल्या निर्णयाची किंमत पोटच्या मुलीच्या रूपाने मोजावी लागते, आणि ही विषमता त्यांनी संवादात न मांडता कथानकाच्या हाडातच ठेवली आहे.