मेलेले मोजायचे, तर आधी जिवंत मोजायला हवेत

2014 चा फेब्रुवारी. अटलांटिकवरून एकामागून एक वादळं येत होती. इंग्लंडमधल्या डॉलिश गावाजवळ समुद्रालगतचा रेल्वेमार्ग लाटांनी उखडला. हवेत लोंबकळणाऱ्या रुळांचे फोटो जगभर फिरले. फ्रान्स आणि ब्रिटनच्या किनाऱ्यांवर मात्र दुसरंच काही वाहून येत होतं: मेलेले पफिन, गिलेमॉट, रेझरबिल. पक्षीनिरीक्षक वाऱ्यापावसात पुळणीवरून चालत एकेक पक्षी मोजत होते. आकडा 50,000 च्या पुढे गेला.

जन्मभर समुद्रावर राहणारा पक्षी वादळात मरतो कसा? उपासमारीने. गिलेमॉट शंभर मीटरहून खोल बुडी मारू शकतो. पण पाणी आठवडेच्या आठवडे ढवळलेलं राहिलं, की मासे हाती लागत नाहीत. थंडीत अंगाची ऊब टिकवायला तर खाणं जास्तच लागतं.

पण 50,000 म्हणजे किती मोठा घाव? ते कळायला जिवंत पक्ष्यांचा जुना हिशोब हवा. गिलेमॉटचा असा हिशोब वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या स्कोमर बेटावर होता. 1930 च्या दशकात तिथे लाखभर गिलेमॉट असावेत, असा अंदाज आहे. 1972 मध्ये टिम बर्कहेड विद्यार्थी म्हणून तिथे पोचले, तेव्हा जेमतेम 2,000 उरले होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात सांडलेलं तेल हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. बर्कहेड पुढे प्राध्यापक झाले, तरी कड्यावरच्या पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालून ‘यंदा कोण परतलं’ हे नोंदवण्याचं काम दरवर्षी चालू राहिलं. हळूहळू संख्या 20,000 च्या वर गेली.

आणि नेमका वादळांच्याच सुमारास या कामाचा सरकारी निधी बंद झाला. चाळीस वर्षांची वही ऐन गरजेच्या वेळी मिटायची वेळ आली. बर्कहेड यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि मोजणी चालू ठेवली.

म्हणून आज आपल्याला कळतं: एरवी वर्षाला शंभरातले सहाएक प्रौढ गिलेमॉट मरतात, त्या वादळांनंतर हे प्रमाण जवळपास दुप्पट झालं. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही सहा-सात वर्षांची झाल्यावर. म्हणजे 2014 च्या उन्हाळ्यात जन्मलेलं पिल्लू 2020 च्या आसपास कुठे आई होणार होतं. तोवर कड्यावर कुणीतरी वही घेऊन बसायला हवं होतं.