औषधसाठ्याचा मागोवा
औषधाची कुपी निर्मितीपासून रुग्णापर्यंत कोणत्या हातांतून गेली, हे नोंदविण्याची पद्धती. तिची गरज १९०२ मध्ये तीव्रतेने प्रत्ययास आली. तत्कालीन पंजाबातील मलकोवाल येथे ३० ऑक्टोबर रोजी १०७ जणांना मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतील प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या सर्वांना ‘५३-एन’ या एकाच कुपीतील लस दिलेली होती. क्रमांकामुळे दूषित कुपी निश्चित झाली. परंतु दोष प्रयोगशाळेत शिरला की कुपी उघडताना, हे त्यावरून ठरेना. परिणामी लसीचे जनक वॉल्डेमार हाफकिन यांना १९०७ पर्यंत दोषारोप सोसावा लागला. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. या प्रकरणाची चौकशी लेंटिन आयोगाने केली.

अलीकडे काही रुग्णालयांत रेडिओ-कंप्रतेवर चालणाऱ्या खूणचिठ्ठ्या वापरतात. विद्युत् घट नसलेली चिठ्ठी वाचकयंत्राच्या तरंगांतूनच ऊर्जा घेऊन आपला क्रमांक परत पाठविते. त्यामुळे हस्तांतराची वेळ व स्थान आपोआप नोंदले जाते. धातू व द्रव यांच्या सान्निध्यात मात्र वाचनास अडथळा येतो. शिवाय चिठ्ठी कुपीचा प्रवास सांगते, आतील द्रव्याची शुद्धता नव्हे. तिच्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणीच आवश्यक असते.