न जळणारी सिगारेट : ‘प्रीमियर’ची अल्पायुषी कहाणी

१/ झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. घातक टार या ज्वलनातूनच निर्माण होते. मग तंबाखू जाळलीच नाही तर? १९८०च्या दशकात आर. जे. रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी हा प्रश्न हाती घेतला.

२/ त्यातून ‘प्रीमियर’ घडली. टोकाशी कार्बनचा तुकडा. त्यामागे ॲल्युमिनियमच्या कुपीत ग्लिसरीन, निकोटिन व स्वादद्रव्ये लावलेले सूक्ष्म मणी. कार्बन धुमसे, तप्त हवा मण्यांवरून जाई आणि धुरासारखे तुषार तोंडात येत. कार्बन जळतच असल्याने कार्बन मोनॉक्साइड मात्र टळला नाही.

३/ १९८८मध्ये सेंट लुइस, फीनिक्स आणि टूसॉन येथे ती विक्रीस आली. काडीने पेटवल्यास दुर्गंधी येई. ओढायला जोर लागे. वैद्यकीय संघटनांचा आक्षेप अधिक मूलगामी होता : हे निकोटिन पोहोचवणारे साधन आहे, त्याचे नियमन औषधाप्रमाणे व्हावे. १९८९मध्ये कंपनीने ‘प्रीमियर’ मागे घेतली.

४/ कल्पना मात्र टिकली. २०१४मध्ये नागोया व मिलान येथे आलेल्या ‘आयकॉस’मध्ये कार्बनची जागा विजेवर तापणाऱ्या पात्याने घेतली. भारताने २०१९मध्ये कायद्याने अशा उपकरणांवर बंदी घातली. अभियंत्यांनी तंबाखूतील विस्तव विझवला. व्यसन विझले नाही, कारण निकोटिन पोहोचवणे हाच त्या रचनेचा मूळ हेतू होता.