गिअरबॉक्स बदलल्यावर कार्बोरेटर पुन्हा का ट्यून करावा लागतो? जुन्या कॉन्टेसाच्या निमित्ताने सोपी माहिती

'मसल कार' म्हटलं की रीलमधल्या अमेरिकन व्ही-8 गाड्या आठवतात. आपल्याकडे ती हौस भागवली हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाने. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद. 1984 मध्ये आलेली ही गाडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलच्या मॉडेलवर बेतलेली होती. सुरुवातीला तिला 1.5 लिटरचं इंजिन आणि चार गिअर होते. नंतर इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आणि पाच गिअर आले.

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) भागात अशा गाड्या अजून दिसतात. माझ्या ओळखीतल्या एकाने जुन्या 1.5 कॉन्टेसात पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतला. त्याच्यासोबत ट्यूनिंग करताना जो क्रम आम्ही पाळला, तोच इथे देतो.

गिअरबॉक्सचा कार्बोरेटरशी काय संबंध?

चौथ्या गिअरमध्ये साधारणपणे इंजिनाची एक फेरी म्हणजे प्रॉपेलर शाफ्टची एक फेरी. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह असतो. समजा त्याचा रेशो 0.85 आहे. मग ज्या वेगाला आधी इंजिन 3000 आरपीएमवर फिरायचं, तिथे आता ते 2550 वर फिरेल. म्हणजे कमी आरपीएम, पण अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबलेला. कार्बोरेटर आणि टायमिंगची जुनी सेटिंग या परिस्थितीसाठी केलेलीच नसते. त्यातून गाडी ओढत नाही, धक्के देते किंवा चढावर इंजिन 'टणटण' वाजतं.

दुसरं कारण साधं आहे. बॉक्स काढताना व्हॅक्यूमचे पाइप, क्लचची जोडणी, अ‍ॅक्सिलरेटर केबल हे सगळं हलतं.

त्यात E20 ची भर

आपला जिल्हा उसाचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा. आज पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल काही प्रमाणात उसापासून बनतं. पण जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही. नव्या गाडीत सेन्सर मिश्रण सांभाळतो, इथे सगळं जेटच्या भोकावर असतं.

- शुद्ध पेट्रोल: 1 किलोला सुमारे 14.7 किलो हवा
- E20: 1 किलोला सुमारे 13.5 किलो हवा

म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण 9 टक्के जास्त इंधन हवं. ते मिळालं नाही की मिश्रण 'लीन' होतं आणि इंजिन तापतं. उलट नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच आहे. हवा विरळ असल्याने मिश्रण इथे किंचित 'रिच' होतं. त्यामुळे थोडी भरपाई आपोआप होते, पण पूर्ण नाही.

ट्यूनिंगचा क्रम

1. आधी गळती शोधा. ब्रेक बूस्टर आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारे व्हॅक्यूम पाइप एकेक करून चिमटीत दाबा. दाबल्यावर आयडल बदलून सुधारला, तर त्या बाजूला हवा शिरतेय. गरम इंजिनावर स्प्रे मारून गळती शोधू नका, आग लागू शकते. जुने रबरी इंधन पाइपही बदला. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं.

2. मग इग्निशन. पॉइंट गॅप, प्लग गॅप आणि टायमिंग आधी बरोबर करा. टायमिंग चुकीचं असताना स्क्रू फिरवत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

3. आयडल. इंजिन पूर्ण गरम, चोक बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने बंद करून साधारण दीड फेरा उघडा. मग थोडा थोडा फिरवत इंजिन सर्वात गुळगुळीत चालेल ती जागा शोधा. शेवटी आयडल स्क्रूने आरपीएम 800 च्या आसपास आणा.

4. मेन जेट. सोलेक्स जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. 120 म्हणजे 1.20 मिमी. 120 चा 125 केला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, 122.5 केला तर सुमारे चार टक्के. म्हणून एकदम मोठी उडी नको, लहान पायरीने जा.

5. रस्त्यावर चाचणी. पाचव्या गिअरमध्ये काही किलोमीटर चालवा, सुरक्षित जागी थांबा, लगेच इंजिन बंद करा. थंड झाल्यावर प्लग पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे रिच. पाथर्डी रस्त्यावरच्या करंजी घाटासारख्या चढावर आवाज ऐका. टणटण आली तर आधी गिअर खाली घ्या. तरीही वाजत असेल तर टायमिंग थोडं मागे आणा.

फोन इथे कामाला येतो

- आरपीएम: कोणतंही स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात हर्ट्झ गुणिले 30 म्हणजे आरपीएम. 27 हर्ट्झ म्हणजे 810. फोनचा माइक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही. तेव्हा 54 हर्ट्झला उंच रेघ दिसते का पाहा, ती त्याच्या दुप्पट असते.
- वेग: अशा गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. बॉक्स बदलला की काटा खोटं बोलू शकतो. शेजारी बसलेल्याच्या फोनवर जीपीएस वेग पाहून तुलना करा. चालवणाऱ्याने फोन हातात घेऊ नये.

कागदपत्रं विसरू नका

भारत स्टेज-2 च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीसाठी पीयूसीची मर्यादा आयडलला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएम आहे. पीयूसी केंद्रावरचा हा आकडा तुमच्या ट्यूनिंगची स्वस्तातली परीक्षाच आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे आयडल रिच.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरची माहिती बदलेल असा फेरबदल परस्पर करता येत नाही. गिअरबॉक्ससोबत इंजिनही बदलायचा विचार असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. MH-16 असो वा MH-17, नियम तोच.

थोडक्यात: गळती, इग्निशन, आयडल, जेट, रस्ता. हा क्रम उलटा करू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदल फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही.